लुबान इकडे का आली? अरबी समुद्रातल्या एका हम्पबॅक मादीचं प्रकरण

२०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या मसिरा आखातात एका हम्पबॅक देवमाशाच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारा टॅग बसवला गेला. ती पूर्ण वाढ झालेली मादी होती. तिच्या शेपटीवर धुपाच्या झाडासारखी खूण दिसते, म्हणून तिचं नाव लुबान. (याच नावाचं चक्रीवादळ २०१८ च्या ऑक्टोबरात येमेनला धडकलं. माहिती शोधताना दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) तोवर ओमानमध्ये टॅग लावलेले देवमासे ओमान आणि शेजारच्या येमेनच्या किनाऱ्यालगतच वर-खाली फिरत राहिले होते. लुबानने मात्र डिसेंबरमध्ये किनारा सोडला. सुमारे दीड हजार किलोमीटर खुला समुद्र पार करून ती गोव्यासमोर आली, तिथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली आणि फेब्रुवारीत पुन्हा मसिरा आखातात पोहोचली.

या प्रजातीच्या कुठल्याही प्राण्याने अरबी समुद्र असा आरपार ओलांडल्याची उपग्रहावर झालेली ही पहिलीच नोंद. आणि ती झाली ऐन विणीच्या हंगामात.

मी कोल्हापुरात पदव्युत्तर वर्गाला भूगोल शिकवतो. समुद्रविज्ञानाचा भाग आला की हेच प्रकरण घेतो. मुलं पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा अशा भागांतून येतात. सरळ रेषेत समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्रीची भिंत असल्यामुळे दर्या म्हणजे कोकणचं काहीतरी, अशी त्यांची समजूत असते. गणपतीपुळ्याला सहलीला जायचं आणि मालवणहून आलेला बांगडा बाजारात घ्यायचा, एवढाच संबंध. लुबानच्या प्रकरणाने हा समज मोडतो, कारण तिच्या समुद्राला अन्न पुरवणारं वारं आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडायला लावणारं वारं एकच आहे.

पहिल्याच तासाला गगनबावड्याकडच्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, पोट तिथंच भरतंय, जोडीदारबी तिथंच हाय, मग ही इकडं कशाला आली?" सगळं प्रकरण या एका प्रश्नात आलं. त्याच्याच मागे जाऊ.

इतर समुद्रांत काय होतं

जगातले बहुतेक हम्पबॅक देवमासे वर्षाचे दोन भाग करतात. उन्हाळा थंड, अन्नाने भरलेल्या ध्रुवाकडच्या पाण्यात आणि हिवाळा उष्ण कटिबंधातल्या कोमट पाण्यात. कोमट पाण्यात त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. मादी महिनोन् महिने उपाशी राहून तिथे पिल्लाला जन्म देते आणि साठवलेल्या चरबीतून त्याला दूध पाजते. पिल्लू जन्मतः चार-साडेचार मीटर लांबीचं असतं आणि अंगावर चरबीचा थर पातळ. थंड पाण्यात त्याची शक्ती अंग ऊबदार ठेवण्यातच जाईल. कोमट पाण्यात तीच वाढीला लागते.

हे प्रजननक्षेत्र कुठे असेल हे कशावर ठरतं? पूर्वी उत्तर सोपं वाटायचं: विषुववृत्ताजवळ, अमुक अक्षांशाच्या आत. २००७ मध्ये जगभरच्या प्रजननक्षेत्रांचं तापमान एकत्र मांडलं गेलं तेव्हा दिसलं की पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे साधारण २१ ते २८ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात आहे, मग अक्षांश कुठलाही असो. याचा सगळ्यात बोलका पुरावा कोस्टा रिकाचा. अंटार्क्टिकाकडून निघालेले देवमासे तिथे विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात शिरतात. आठ हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास होतो. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात विषुववृत्तावरही थंड पाण्याची जीभ पसरलेली असते, त्यामुळे हवं तसं कोमट पाणी गाठायला त्यांना आणखी पुढे जावं लागतं.

पण नुसती ऊब पुरत नाही. पिल्लासोबतची मादी शक्यतो उथळ आणि शांत पाणी धरते. तिथे लाटांचा मार कमी लागतो आणि मागे लागणारे नरही टाळता येतात. ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ आखातात पिल्लांच्या अंगावर ध्वनिमुद्रक बसवले, तेव्हा माय-लेकरं एकमेकांशी इतक्या हलक्या आवाजात बोलताना आढळली की शंभरेक मीटरपलीकडे ते ऐकू जाणं कठीण. शिकारी ओर्कांच्या आणि नरांच्या कानावर जाऊ नये म्हणून ही दक्षता असावी. जवळून बोट गेली तर तो आवाज पूर्ण बुडतो. न्यू कॅलेडोनियात याच्या उलटही दिसलं. तिथले काही देवमासे किनाऱ्यापासून लांब, समुद्रात बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यावर विणीचा हंगाम घालवतात. म्हणजे चारी बाजूंनी खोल दर्या, पण मधला माथा उथळ.

प्रजननक्षेत्र म्हणजे नकाशावरची ठरलेली जागा नव्हे, ती पाण्याची एक स्थिती आहे. ऊब, खोली, शांतता यांचा मेळ जिथे आणि जेव्हा जमतो, तिथे आणि तेव्हा ते क्षेत्र असतं. ही गोष्ट हातात ठेवूनच अरबी समुद्राकडे वळायचं, कारण तिथे नियमाला मोठा अपवाद आहे.

कुठेही न जाणारे देवमासे

अरबी समुद्रातले हम्पबॅक ध्रुवाकडे जातच नाहीत. खाणं आणि विणणं दोन्ही याच समुद्रात. जगात असं करणारा दुसरा हम्पबॅक समूह माहीत नाही. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून तुटलेला आहे. ओमानजवळच्या प्राण्यांची संख्या फोटोंवरून मोजली तेव्हा अंदाज शंभराच्या आतच आला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्ये या समूहाला संकटग्रस्त ठरवलं.

हे देवमासे इथेच राहतात याचा ठोस पुरावा फार दुःखद मार्गाने मिळाला. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांच्या ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर दोनशेहून अधिक हम्पबॅक मारले. शिकार बेकायदा होती आणि आकडे दडवलेले होते. युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. जहाजावर फाडलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी उत्तर गोलार्धाच्या विणीच्या वेळापत्रकाशी जुळत होती. म्हणजे हे दक्षिणेकडून पाहुणे आलेले प्राणी नव्हते. आणि जठरांत अन्न होतं: क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि मासे. आज जिथे जेमतेम शंभर उरलेत, तिथे एका हंगामात इतके मारले गेले, हे वर्गात सांगताना दर वर्षी माझा आवाज जड होतो. त्याच वर्षी, १९६६ च्या जानेवारीत, आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली होती. आपल्या दारातला समुद्र नीट अभ्यासायला आपण नुकते कुठे बसत होतो.

वारं

या समूहाला कुठे जावं लागत नाही, कारण मान्सून त्याचं ताट तिथेच वाढतो. कसं, ते नीट पाहू. प्रकरणाचा कणा हाच आहे.

जूनच्या सुमाराला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक जबरदस्त प्रवाह वाहू लागतो. त्याला सोमाली जेट किंवा फिंडलेटर जेट म्हणतात. तो सोमालियाजवळ वळतो, ओमानच्या किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे वाहतो आणि अरबी समुद्र पार करून आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो.

उत्तर गोलार्धात वारं पाण्यावरून सतत वाहिलं की वरच्या थरातलं पाणी एकूण वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम. ओमानच्या किनाऱ्यावर वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे खुला समुद्र. म्हणून पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. यालाच अपवेलिंग म्हणतात. ऐन पावसाळ्यात, जेव्हा वाळवंट तापलेलं असतं, तेव्हा ओमानच्या धोफार किनाऱ्यालगत पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, फोफावतं, त्यावर क्रिल आणि तारलीसारखे मासे, आणि त्यांच्यावर देवमासे. अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यात जे मिळतं, ते इथे वारं उष्ण कटिबंधात आणून देतं.

आता हेच वारं पुढे न्या. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो याच वाऱ्याने आणलेल्या बाष्पाचा. राधानगरी भरते, स्वयंचलित दरवाजे उघडतात, भोगावतीचं पाणी पंचगंगेत येतं आणि राजाराम बंधाऱ्यावर सगळ्या कोल्हापूरची नजर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे आणि ४३ फुटांच्या धोका पातळीकडे लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा ज्यांच्या घरात चिखल शिरला त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांना मान्सून शिकवावा लागत नाही. एवढंच दाखवावं लागतं की त्या ढगांखालचं पाणीही त्याच वाऱ्याने हलत होतं.

आपल्या बाजूलाही पावसाळ्यात समुद्राचं खालचं पाणी वर येतं. केरळपासून सुरू होऊन उत्तरेकडे सरकणारं अपवेलिंग भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरात असतं. ते सगळं इथल्या वाऱ्याचं काम नाही. काही भाग श्रीलंकेच्या बाजूने किनारा धरून येणाऱ्या समुद्राखालच्या लाटांमुळे घडतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याच काळात हे घडत असतं. या पाण्यावर पोसलेली तारली आणि बांगडा पुढे सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत जाळ्यात येतात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेबलावरचा नकाशा

वर्गात आम्ही अरबी समुद्राचा मोठा कोरा नकाशा टेबलावर पसरतो. त्यावर एक-एक अंशाच्या चौकटी आखलेल्या. मुलं डिसेंबर-जानेवारीचं पृष्ठभागाचं सरासरी तापमान घेऊन प्रत्येक चौकट रंगवतात: २१ अंशांच्या खाली निळी, २१ ते २८ हिरवी, त्याच्या वर तांबडी. मग लुबानचा मार्ग दाखवणारा पांढरा दोरा टाचण्यांनी वर लावायचा.

रंगवून झालं की बहुतेक मुलं थबकतात. त्यांची अपेक्षा असते की दोरा निळ्यातून हिरव्यात जाईल, म्हणजे मादी थंडीतून उबेत गेली असं दिसेल. पण ओमानचा किनाराच हिरवा निघतो. पावसाळ्यातलं थंड पाणी डिसेंबरपर्यंत निवळलेलं असतं आणि तिथे २५ अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणजे पट्ट्याच्या अगदी मधोमध. गोव्याकडे येताना आकडा २८ ला टेकतो आणि केरळकडे तर चौकटी तांबड्या होऊ लागतात. लुबान कोमट पाण्यातून अधिक कोमट पाण्यात गेली, आणि जगभरच्या प्रजननक्षेत्रांत दिसलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला येऊन ठेपली.

म्हणून "विणीसाठी ऊब शोधत आली" हे पहिलं, सोपं उत्तर इथेच बाद होतं. उबेसाठी तिला कुठेही जायची गरज नव्हती. हा निष्कर्ष मुलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या नकाशावरून काढायचा असतो. मी आधी काही बोलत नाही.

मग उरतात अन्न, जोडीदार आणि पिल्लाला लागणारी जागा.

अन्नाचं पाहू. हिवाळ्यात वारं उलटतं. ईशान्येकडून येणारं कोरडं, थंड वारं अरबी समुद्राचा उत्तर भाग थंड करतं. वरचं पाणी जड होऊन खाली बसतं, खालचं मिसळतं, आणि जानेवारी ते मार्चच्या सुमाराला उत्तरेत प्लवकाचा दुसरा बहर येतो. ओमानचं पाणी त्यामुळे हिवाळ्यातही उपाशी ठेवत नाही. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मात्र या दिवसांत उलटं घडतं. किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी घेऊन येतो. हे हलकं पाणी वर तरंगत राहतं. लक्षद्वीपजवळ समुद्राची पातळी उंचावून एक मोठा भोवरा तयार होतो, पाणी खाली दाबलं जातं आणि खालचे क्षार वर येत नाहीत. नुसतं प्लवक पाहिलं तर लुबान भरल्या ताटावरून उठून रिकाम्या ताटाकडे आली असं म्हणावं लागेल.

पण देवमासा प्लवकाचा नकाशा खात नाही, मासे आणि क्रिल खातो. आणि पावसाळ्यातल्या अपवेलिंगवर पोसलेली तारली हिवाळ्यातही आपल्या किनाऱ्यालगत असते. समुद्राची सुपीकता आणि त्यावर वाढलेला मासा यांत काही महिन्यांचं अंतर असतं. पेरणी जूनमध्ये, मळणी हिवाळ्यात. त्यामुळे अन्नाचं कारण मी बाद करत नाही. फक्त एवढ्या एका कारणासाठी ओमानचं भरलेलं पाणी सोडून दीड हजार किलोमीटर यावं, हे मला पटत नाही.

जोडीदाराचा पुरावा कानाने मिळतो. हम्पबॅकचे नर विणीच्या हंगामात गातात. ओमानच्या हल्लानियात बेटांजवळ हिवाळ्यात ही गाणी भरपूर ऐकू येतात. केरळसमोर आणि गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांतही हम्पबॅकची गाणी सापडली आहेत. त्यामुळे लुबान ज्या पाण्यात शिरली ते हम्पबॅकच्या दृष्टीने निर्मनुष्य रान नव्हतं. तिथे गाणारे नर होते. १९६६ च्या हत्याकांडाने हेच सांगितलं होतं की ओमान, पाकिस्तान आणि भारताचा किनारा हा एकाच समूहाचा वावर आहे. उरलेले प्राणी इतके थोडे की जोडीदार मिळायला एवढा मोठा समुद्र पालथा घालावा लागत असेल, तर त्यात नवल नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओमानच्या किनाऱ्यावर इतकी वर्षं पाहणी होऊनही पिल्लासोबतच्या माद्या फार थोड्या दिसल्या आहेत. गाणी आहेत, नर आहेत, माद्या आहेत, पण पाळणे जवळजवळ दिसत नाहीत. मग पिल्लं कुठे वाढतात? आपल्या बाजूला कोकण-गोव्यासमोर समुद्राखालचं खंडीय मंच रुंद आहे. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास तळ दोनशे मीटरच्या आत राहतो. पावसाळा संपल्यावर समुद्र निवांत होतो, वारं हलकं असतं. उथळ, शांत आणि कोमट असं हे पाणी आहे. हवाई किंवा एक्समाउथमध्ये पिल्लासोबतच्या माद्या जे पाणी निवडतात, त्याच्याशी या पाण्याची ठेवण जुळते, आणि अन्नही अगदीच दुर्मीळ नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. लुबान भरकटली नव्हती, आणि तिने काही नवं केलं असंही मला वाटत नाही. जे या समूहाच्या माद्या पूर्वापार करत असाव्यात, ते पहिल्यांदा उपग्रहाच्या नजरेत आलं. पावसाळा सरला, आपल्या किनाऱ्याचं पाणी निवळलं, मासे होते, नरांचे आवाज होते, तेव्हा ती आली. उत्तरेचा हिवाळी बहर चढू लागण्याच्या सुमाराला परतली. समुद्राचं वेळापत्रक आणि तिचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं की जुळणी डोळ्यांत भरते.

एका ठिपक्याचं वजन

एका प्राण्याच्या मार्गावरून एवढं बोलावं का, असा प्रश्न वर्गातल्या चांगल्या मुलांना पडतोच. पडायलाच हवा.

टॅगची अँटेना पाण्याबाहेर आली की संकेत जातो. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह डोक्यावरून जाताना त्या संकेताच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावरून जागा काढतो. जीपीएसइतकी अचूकता नसते. चूक काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाते. टॅग काही आठवडे किंवा महिने टिकतो, मग गळून पडतो. ठिपका सांगतो की ती इथे होती. खात होती, विसावली होती की कुणाचं गाणं ऐकत होती, हे ठिपका सांगत नाही. म्हणूनच ठिपक्यासोबत तापमान, क्षारता, प्रवाह, प्लवक आणि ध्वनिमुद्रण ठेवावं लागतं. प्रकरण अभ्यासाची पद्धत म्हणतो ती हीच.

आपल्या बाजूचे साक्षीदारही आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूवर देवमाशाचं एक पिल्लू अडकलं. लोकांनी, मच्छीमारांनी आणि वनखात्याने चाळीसेक तास खपून ते समुद्रात सोडलं, तरी ते वाचलं नाही. हे दोन्ही हम्पबॅक म्हणून मी सांगत नाही. पण पिल्लांसोबतच्या देवमाशांना आमची किनारपट्टी अनोळखी नाही, एवढं यातून निश्चित दिसतं. कोल्हापूरच्या बातम्यांत देवमासा येतो तो बहुधा "उलटी" पकडल्याच्या, म्हणजे स्पर्म व्हेलच्या अंबरग्रीसच्या तस्करीच्या निमित्ताने. मुलांच्या मनात हा प्राणी गुन्ह्याच्या बातमीतला असावा, याचं मला वाईट वाटतं.

पाणी तापलं तर

हवाईतून एक धडा आला आहे. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात पाणी असामान्य तापलं. तिथे अन्न खाणारे हम्पबॅक हिवाळ्यात हवाईला विणीला जातात. माउईजवळच्या आउआउ सामुद्रधुनीत पिल्लासोबतच्या माद्या दिसण्याचं प्रमाण २०१३ ते २०१८ दरम्यान सुमारे ७६ टक्क्यांनी घसरलं. हवाईच्या पाण्याने त्यांना हाकललं नव्हतं. हजारो किलोमीटर दूर अन्न आटलं होतं आणि त्याचा फटका पाळण्याला बसला.

अरबी समुद्रात तर अन्नाचं पाणी आणि पाळण्याचं पाणी यांत ते अंतरच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने दाखवलं की १९०१ ते २०१२ दरम्यान हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळी मोसमात सुमारे १.२ अंशांनी तापला. त्यांच्याच २०१६ च्या अभ्यासात सहा दशकांत तिथल्या प्लवकात २० टक्क्यांपर्यंत घट दिसली. वरचं पाणी तापलं की ते तवंगासारखं वर बसून राहतं आणि खालचं क्षारयुक्त पाणी वर यायला अडतं. दुसरीकडे, आपल्या किनाऱ्याचं हिवाळी पाणी आधीच २८ च्या कडेवर आहे. आणखी अर्धा-एक अंश चढला तर आमच्या नकाशावरच्या हिरव्या चौकटी तांबड्या होतील. इतर समुद्रांतल्या समूहाला दुसरं प्रजननक्षेत्र शोधायला वाव असतो. इथे उत्तरेला जमीन आहे. सरकायचं कुठे?

त्यात जाळी. ओमानच्या देवमाशांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्राण्यांच्या अंगावर जाळ्यात अडकल्याचे व्रण दिसतात. शंभराच्या आतल्या समूहात एक प्रौढ मादी गेली तरी ती फार मोठी हानी आहे, कारण हम्पबॅक मादी दोन-तीन वर्षांतून एकदाच विते आणि अकरा-साडेअकरा महिने गर्भ वाहते.

मग करायचं काय

भारताने २०१८ मध्ये अरबी समुद्रातल्या हम्पबॅकचा समावेश आपल्या प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमात केला. त्याच वर्षाच्या अखेरीला महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली. ही योजना मला फार मोलाची वाटते. जाळं म्हणजे त्या घरची वर्षाची कमाई असते. ते कापायला सांगणाऱ्याने किंमत भरली पाहिजे.

पण नकाशावर चौकोन आखून "हे अभयारण्य" म्हणण्याने लुबानचं रक्षण होणार नाही, कारण तिला हवी असलेली स्थिती चौकोनात थांबत नाही. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना तापमान आणि प्लवकाच्या उपग्रह नोंदींवरून मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवतं. मालवण-देवगडचे लोक त्या सूचना पाहून बोट काढतात. ज्या पाण्यात तारली, त्याच पाण्यात देवमासा येण्याची शक्यता. मग डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सूचनांमध्ये जिथे तापमान, खोली आणि मासे यांचा मेळ देवमाशाला सोयीचा आहे, तिथे "जाळं टाकून लांब जाऊ नका, वेग कमी ठेवा" एवढी एक ओळ जोडता येईल. बोटीवरच्या माणसाला त्यासाठी नवं काही शिकावं लागणार नाही.

यंदाच्या वर्गाला मी तेच काम दिलं आहे: जुन्या हिवाळी नोंदी घेऊन आठवड्या-आठवड्याला हिरव्या चौकटी किती सरकतात ते काढायचं. राधानगरीची एक मुलगी त्यात पावसाळ्याचं बळही धरते आहे. ज्या वर्षी जेट जोरात वाहिला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तारली किती लागली, हे ती मासळीच्या आकड्यांशी जुळवून पाहतेय. हा दुवा सापडला, तर पंचगंगेच्या पुरावरून पुढच्या हिवाळ्यातल्या देवमाशांबद्दल काही अंदाज बांधता येईल का, हे तपासायची वाट उघडेल.

आणि कोकणात जाणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला सांगणं: किनाऱ्यावर जिवंत किंवा मेलेला देवमासा दिसला तर गर्दी करू नका, पाठीवर चढून फोटो काढू नका. श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर तो जपून ठेवून अधिकाऱ्यांना द्या. हम्पबॅक एकेकटा ओळखला जातो तो त्याच खुणांवरून.